नजर, गुपित आणि चार हातांचे अंतर

रेल्वेच्या फलाटावर शेजारच्या प्रवाशाला 'कीप ॲन आय ऑन माय बॅग, प्लीज' असे इंग्रजीत सांगितले, तर ती विश्वासाने केलेली विनंती असते. हेच वाक्य शब्दाला शब्द जोडून मराठीत आणले आणि 'जरा माझ्या बॅगेवर डोळा ठेवा' म्हटले, तर समोरचा माणूस चमकेल, कदाचित दुखावेलही. मराठीत दुसऱ्याच्या वस्तूवर ज्याचा डोळा असतो तो तिची राखण करत नसतो. ती कधी हाती लागते याची वाट पाहत असतो. राखण करायला सांगायचे तर आपण 'लक्ष असू द्या' म्हणतो. पाहणे, लपवणे आणि दूर राहणे या तीन क्रियांभोवती इंग्रजीत वाक्प्रचारांचा मोठा गोतावळा आहे, आणि त्यातले बरेच मराठी माणसाला असा चकवा देतात. आपल्याकडे ते शिकवले जातात दोन रकान्यांच्या यादीतून : डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे 'लक्ष ठेवणे', 'गुपित फोडणे', 'दूर राहणे' असा एका ओळीचा अर्थ. तो अर्थ चुकीचा नसतो, अपुरा असतो. आणि त्यातून जे सुटते त्यावरच या वाक्प्रचारांचा खरा वापर ठरतो.

सुटते ते असे. पाहण्याला, लपवण्याला आणि दूर राहण्याला नेहमी दोन बाजू असतात. एक पाहणारा, दुसरा पाहिला जाणारा. एक गुपित जाणणारा, दुसरा अजाण. एक अंतर ठेवणारा, दुसरा त्या अंतरापलीकडे उभा राहिलेला. बहुधा यातला एक जण वरचढ असतो. त्यामुळे वाक्प्रचार उच्चारताच बोलणारा कोणत्या बाजूला उभा आहे आणि घडते आहे ते त्याला रुचते की नाही, हे ऐकणाऱ्याला कळते. मुसळधार पावसाबद्दलचा एखादा इंग्रजी वाक्प्रचार चुकला तर पाऊस रागावत नाही. 'मी तुमच्यावर नजर ठेवून आहे' हे चुकीच्या शब्दांत सांगितले तर माणूस रागावतो. म्हणून या गटातला प्रत्येक वाक्प्रचार शिकताना अर्थाच्या जोडीला त्यातली माणसे शिकावीत : कोण, कोणाबद्दल, कोणत्या जागेवरून आणि कोणत्या भावनेने बोलतो आहे.

डोळ्यापासूनच सुरुवात करू. 'कीप ॲन आय ऑन' यापुढे पातेले, सामान किंवा लहान मूल आले की अर्थ काळजीचा होतो. त्याच जागी मोठे, जाणते माणूस आले की अर्थ संशयाकडे झुकतो. वरिष्ठ अधिकारी कनिष्ठाला 'आय विल बी कीपिंग ॲन आय ऑन यू' म्हणतो तेव्हा ती ताकीद असते. नव्या सहकाऱ्याला धीर द्यावा म्हणून हे वाक्य कोणी लिहिले, तर धीराऐवजी धास्ती पोचेल. क्रियापद बदलून 'हॅव युअर आय ऑन' केले की गोष्ट मनात भरल्याचा अर्थ येतो. 'शी हॅज हर आय ऑन अ फ्लॅट इन ठाणे' म्हणजे तिला ठाण्यातला तो फ्लॅट घ्यायचा आहे. मराठीतला 'डोळा असणे' याच्या बराच जवळ जातो, फक्त मराठीत त्याला लोभाचा वास येतो तसा इंग्रजीत येत नाही. आणि 'कीप ॲन आय आउट फॉर' मध्ये पाहायची वस्तू अजून समोर आलेलीच नसते. एखादी जाहिरात, एखादे पत्र, गर्दीतला एखादा चेहरा दिसतो का, याच्या शोधात राहायचे असते. 'ऑन' आणि 'आउट फॉर' हे चिमुकले शब्द यादीत नजरेआड होतात, पण सगळा फरक त्यांनीच पडतो.

एकच प्रसंग तीन तोंडांनी सांगितला की बाजू कशी बदलते हे स्पष्ट दिसते. कार्यालयात एक वरिष्ठ रोज तीनतीनदा कामाची विचारपूस करतो आहे. तो स्वतः म्हणेल, 'आय ॲम जस्ट कीपिंग ॲन आय ऑन थिंग्ज'. ज्याचे काम तपासले जाते तो म्हणेल, 'ही इज ब्रीदिंग डाउन माय नेक', म्हणजे आपल्या भाषेत तो मानगुटीवर बसला आहे. बाजूला बसलेला तिसरा म्हणेल, 'ही कीप्स टॅब्ज ऑन एव्हरीवन', तो सगळ्यांचा हिशेब ठेवतो. घटना एक, माणसे तीन, वाक्प्रचार तीन. यातला एक दुसऱ्याच्या तोंडी घालता येत नाही. वरिष्ठ स्वतःबद्दल 'मी सगळ्यांच्या मानगुटीवर बसलो आहे' असे गंभीरपणे म्हणणार नाही. यादीत मात्र या तिन्हींपुढे 'लक्ष ठेवणे' एवढेच लिहिलेले सापडते. 'बिग ब्रदर' या शब्दाचेही तसेच. मराठी घरात थोरला भाऊ म्हणजे आधार, आणि जॉर्ज ऑर्वेल यांच्या १९४९ सालच्या 'नाइन्टीन एटी-फोर' या कादंबरीतील सत्ता नेमके हेच जिव्हाळ्याचे नाव धारण करून नागरिकांच्या घरात डोकावते. इंग्रजीत एखाद्या कंपनीला किंवा सरकारला 'बिग ब्रदर' म्हणणे हा आरोप असतो. तो कौतुकाने वापरता येत नाही.

'वॉच' या क्रियापदाभोवतीचे वाक्प्रचार तर आणखी सांभाळून वापरायचे. 'वॉच आउट!' हा सावधगिरीचा इशारा. अंगावर सायकल येते आहे, बाजूला हो. 'वॉच इट!' ही बहुतेक वेळा धमकी, जीभ सांभाळ. ओल्या पायरीवर 'वॉच युअर स्टेप' म्हणणे सौजन्याचे, पण भांडणात 'यू बेटर वॉच युअर स्टेप' म्हटले की पायरीचा संबंध संपला, आता जपून राहा असे सांगितले जाते आहे. 'वॉच युअर बॅक' म्हणजे पाठीत वार होण्याची भीती आहे. 'आय विल वॉच युअर बॅक' म्हणजे तुझी पाठ मी राखतो. मराठी माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये, कारण आपल्याकडेही पाठीशी उभा राहणारा आणि पाठीमागे लागलेला यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

गुपितांच्या प्रदेशात शिरलो की दुसरा प्रश्न महत्त्वाचा होतो : गुपित कोणाचे होते, आणि ते मुद्दाम फुटले की नकळत? 'लेट द कॅट आउट ऑफ द बॅग' मध्ये बहुतेक वेळा तोंडातून निसटलेले असते. वाढदिवसाचा गुपचूप ठरवलेला बेत कोणीतरी बोलून जातो, एवढाच गुन्हा. 'गिव्ह द गेम अवे' मध्येही हेतू नसतो, चेहऱ्यावरूनच कळते. 'स्पिल द बीन्स' मध्ये सांगणारा अनेकदा आपणहून, कधी आग्रहाखातर सांगतो, आणि सूर हलकाफुलका असतो. बँकेतील अपहाराच्या चौकशी अहवालात तो बसत नाही. 'कम क्लीन' म्हणजे स्वतःची लपवलेली गोष्ट कबूल करणे, त्यात दुसऱ्याचे गुपित येत नाही. आणि 'ब्लो द व्हिसल' म्हणजे आपल्याच संस्थेतला गैरव्यवहार लोकहितासाठी धोका पत्करून उघड करणे. हा शब्द आपल्याकडे इतका रुजला आहे की असे धाडस करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी २०१४ साली संसदेने मंजूर केलेल्या कायद्याच्या नावातच 'व्हिसल ब्लोअर्स' आहेत. त्याच माणसाला कंपनीतले कोणी 'स्निच' म्हणजे चहाडखोर म्हणेल. कृती तीच, पण शब्द निवडताच बोलणारा भ्रष्टाचाराच्या कोणत्या बाजूला उभा आहे ते दिसते. मराठीत बिंग फुटते, भांडे फुटते, बभ्रा होतो, गोष्ट चव्हाट्यावर येते. या प्रत्येकातही दोष कोणाचा हे आतच सांगितलेले असते. बिंग फुटते ते लबाडाचे. वाढदिवसाच्या बेताचे बिंग फुटले असे आपण गमतीनेच म्हणू. आपल्याच भाषेतला हा नेमकेपणा इंग्रजी शिकताना विसरायचे काही कारण नाही.

गप्प राहण्याबद्दलचे वाक्प्रचार दोन भाषांत शेजारी ठेवले की त्यांच्यामागचा न्याय वेगळा दिसतो. 'कीप मम' किंवा 'माय लिप्स आर सील्ड' यांत दोष नाही. उलट विश्वास पाळल्याची खात्री आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने १९४० मध्ये 'केअरलेस टॉक कॉस्ट्स लाइव्हज' ही मोहीम चालवली. फुगास या टोपणनावाने काढणाऱ्या व्यंगचित्रकाराच्या भित्तिचित्रांत बसमध्ये किंवा टेलिफोनवर गप्पा मारणाऱ्यांच्या आजूबाजूला हिटलरचा कान लागलेला दिसे. बडबडीने माणसे मरतात, म्हणून गप्प राहणे हे देशकार्य, अशी ती शिकवण. मराठीत 'मूग गिळून गप्प बसणे' म्हटले की मात्र बोलायला हवे होते तेव्हा न बोलल्याचा ठपका येतो. कधी लाचारीचा, कधी भित्रेपणाचा. म्हणून 'कीप मम' चा अर्थ 'मूग गिळणे' असा पाठ करणारा विद्यार्थी विश्वासू माणसाला भित्रा ठरवून मोकळा होईल. 'प्ले युअर कार्ड्स क्लोज टू युअर चेस्ट' ला मात्र आपले 'ताकास तूर लागू न देणे' चांगले जुळते, कारण दोन्हींत गप्प राहण्यामागे डाव आहे. 'वॉल्स हॅव इअर्स' आणि 'भिंतीला कान असतात' यांत तर काडीचाही फरक नाही. आणि 'झाकली मूठ सव्वा लाखाची' या म्हणीला इंग्रजीत तोडीस तोड काही सापडत नाही; तिचे भाषांतर करू नये, प्रसंग सरळ शब्दांत सांगावा.

कार्यालयात आणि वार्ताहरांच्या जगात याच गटातले काही वाक्प्रचार जवळजवळ नियमासारखे वापरले जातात, आणि तिथे ढोबळ अर्थ घेणे महागात पडते. 'लेट्स कीप धिस अंडर रॅप्स टिल मंडे' याचा अर्थ गोष्ट आज झाकलेली आहे आणि सोमवारी उघड होणार आहे, असा मुदतीचा आहे. 'इट्स ऑल व्हेरी हश-हश' म्हटले की बोलणाऱ्याला त्या गुप्ततेचा थोडा संशयच येतो आहे. 'स्वीप अंडर द कार्पेट' हा तर उघड आरोप : जे सांगायला हवे होते ते दडपले. 'स्केलेटन इन द कपबोर्ड' म्हणजे कुटुंबाच्या किंवा व्यक्तीच्या भूतकाळातली लाजिरवाणी गोष्ट, जी आजही लपवावी लागते. अमेरिकेत तो सापळा कपबोर्डऐवजी क्लॉझेटमध्ये असतो, अर्थ तोच. 'ऑफ द रेकॉर्ड' आणि 'चॅटम हाउस रूल' यांची तर सर्रास गल्लत होते. पहिल्यात सांगितलेली गोष्ट छापायची नसते. दुसरा नियम लंडनच्या चॅटम हाउस या संस्थेने १९२७ मध्ये घालून दिला, आणि त्यात माहिती वापरायला मुभा आहे; कोण बोलले आणि बैठकीला कोण होते, एवढेच सांगायचे नाही. परिसंवादाच्या सुरुवातीला सूत्रसंचालकाने हा नियम जाहीर केल्यावर 'म्हणजे काहीच लिहायचे नाही' असे समजून वही मिटणारा वार्ताहर हातातली बातमी स्वतःच सोडून देतो.

दूर राहण्याच्या वाक्प्रचारांत सगळ्यांत बोलका आहे 'ॲट आर्म्स लेंग्थ'. हातभर अंतर. नात्यांत ते अंतर थंडपणाचे आहे. 'ही कीप्स हिज कझिन्स ॲट आर्म्स लेंग्थ' म्हणजे तो चुलतभावंडांना जवळ येऊ देत नाही. व्यवहारात मात्र तेच अंतर सचोटीचा पुरावा ठरते. २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १८८ संबंधित पक्षांमधल्या व्यवहारांना लगाम घालते, पण नेहमीच्या कामकाजातले आणि 'आर्म्स लेंग्थ' तत्त्वावर झालेले व्यवहार त्यातून सुटतात. एकमेकांशी संबंधित असूनही जणू अनोळखी आहेत अशा रीतीने, हितसंबंध आड येऊ न देता केलेला व्यवहार, अशी त्या कायद्यातली कल्पना आहे. प्राप्तिकर कायद्यातही २००१ पासून परदेशी संलग्न कंपन्यांशी होणाऱ्या खरेदी-विक्रीची किंमत याच मापाने तपासतात. भावाच्या कारखान्याकडून माल घेताना बाजारभावच दिला, तर ते अंतर कौतुकाचे. ब्रिटनमध्ये १९४६ साली स्थापन झालेल्या आर्ट्स कौन्सिलबद्दलही हाच शब्दप्रयोग होतो : पैसा सरकार देते, पण कोणत्या नाटकमंडळीला किंवा वाद्यवृंदाला द्यायचा हे मंत्री ठरवत नाही. तेव्हा लेखापालाच्या अहवालात 'आर्म्स लेंग्थ' वाचून दोन पक्षांत काहीतरी बिनसले आहे असे समजणे जितके चुकीचे, तितकेच घरगुती पत्रात तो शब्द शाबासकी म्हणून वापरणे चुकीचे.

बाकीच्यांत अंतराचे कारण पाहावे. 'गिव्ह अ वाइड बर्थ' मध्ये संकट टाळण्यासाठी वळसा घालून जाणे आहे. रेल्वेची बर्थ रोज वापरणाऱ्याला इथे रुंद बाक दिसतो, पण मुळात तो जहाजाभोवती सोडायच्या मोकळ्या पाण्यासाठी वापरला जाणारा दर्यावर्दी शब्द आहे. खडकापासून किंवा दुसऱ्या गलबतापासून पुरेसे पाणी सोडून हाकारणे. 'वुडन्ट टच इट विथ अ बार्जपोल' मध्ये तिरस्कार किंवा अविश्वास आहे, आणि मराठीतले 'त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नये' त्याला छान पेलते. 'कीप ॲट बे' मधले 'बे' समुद्राच्या उपसागराशी संबंधित नाही. शिकारी कुत्र्यांच्या भुंकण्यावरून आलेला हा शब्द आहे, आणि चालून येणाऱ्याला थोपवून धरणे हा त्याचा अर्थ. भूक, आजार, सावकार यांना 'ॲट बे' ठेवतात. न आवडणाऱ्या शेजाऱ्याला नाही. तो चालून येत नसतो. 'कोल्ड शोल्डर' मध्ये जाणूनबुजून केलेली उपेक्षा आहे, आणि ती ज्याच्या वाट्याला आली तोच बहुधा हा वाक्प्रचार वापरतो.

इथे एका गोष्टीबद्दल आग्रहाने लिहावेसे वाटते. 'सेंड टू कॉव्हेंट्री' याचा अर्थ अनेक याद्यांत 'वाळीत टाकणे' असा दिलेला असतो. इंग्रजीत तो शाळेतल्या मुलांनी किंवा कारखान्यातल्या कामगारांनी एखाद्याशी बोलणे बंद करण्याला लागतो. मराठीत वाळीत टाकणे म्हणजे विहिरीचे पाणी, लग्नकार्य, दुकानातला किराणा आणि मयताला खांदा या सगळ्यांतून माणसाला आणि त्याच्या घराला तोडणे. महाराष्ट्राने त्याविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा केला, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. जातपंचायतीने केलेल्या अशा गुन्ह्याबद्दल इंग्रजीत लिहिताना कॉव्हेंट्रीचा वाक्प्रचार वापरला तर अन्यायाचा खेळ होतो. तिथे 'सोशल बॉयकॉट' हेच लिहावे. बॉयकॉट हा शब्दही १८८० मध्ये आयर्लंडच्या मेयो परगण्यातील कुळांनी चार्ल्स बॉयकॉट या कारभाऱ्यावर टाकलेल्या बहिष्कारातून आला, पण तो दुबळ्यांनी वरचढावर उगारला होता. म्हणून नुसते 'बॉयकॉट' न म्हणता कोणी कोणावर टाकला हे सांगावे. याहून जपून वापरायचा शब्द म्हणजे 'परायाह'. इंग्रजी वृत्तपत्रे बहिष्कृत राष्ट्राला किंवा नावडत्या नेत्याला सहज 'परायाह' म्हणतात. हा शब्द तमिळ प्रदेशातील परैयर या दलित समाजाच्या नावावरून गेला आहे. ज्या माणसांवर अंतर लादले गेले त्यांचेच नाव इंग्रजीने अंतराचे रूपक केले. भारतात राहून, जातीचा इतिहास माहीत असून, मराठी माणसाने तो वापरू नये. 'आउटकास्ट' पेक्षाही 'शन्ड' किंवा 'आयसोलेटेड' हे शब्द काम भागवतात आणि कोणाला डागत नाहीत.

वाक्प्रचाराच्या जन्मकथा सांगून शिकवण्याची पद्धत लोकप्रिय आहे. कथा लक्षात राहतात हे खरे, पण त्यांवर विसंबण्यात दोन धोके आहेत. पहिला, त्यांतल्या अनेक खऱ्या ठरत नाहीत. प्राचीन ग्रीसमधल्या मतदानात घेवड्याच्या बिया सांडल्या म्हणून 'स्पिल द बीन्स' आला, ही गोष्ट आधाराविना फिरते. तो वाक्प्रचार विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकेत दिसतो. नको असलेल्या पाहुण्याला मेंढीच्या खांद्याचे थंड मांस वाढत, म्हणून 'कोल्ड शोल्डर', हीही तशीच. सर वॉल्टर स्कॉट यांनी १८१६ मध्ये तो वापरला तेव्हा खांदा वळवण्याचाच अर्थ होता. दुसरा धोका असा की कथा खरी असली तरी आजचा वापर तिच्या उलट असू शकतो. २ एप्रिल १८०१ रोजी कोपनहेगनच्या लढाईत माघारीचा इशारा आला असता ब्रिटिश नौसेनानी नेल्सनने आंधळ्या डोळ्याला दुर्बीण लावली, असे सांगतात. त्याचा उजवा डोळा १७९४ मध्ये कॉर्सिकातल्या काल्व्ही येथे अधू झाला होता. तो लढाई जिंकला आणि इंग्रजांनी त्याला डोक्यावर घेतले. पण आज 'टर्न अ ब्लाइंड आय' हा ठपका आहे, आपल्या 'कानाडोळा करणे' सारखा. नगरपालिकेने अनधिकृत बांधकामाकडे कानाडोळा केला, असे म्हणताना कोणी तिला नेल्सनचा मान देत नाही.

यावर तीन आक्षेप येतील आणि तिन्ही विचार करण्याजोगे आहेत. स्पर्धा परीक्षेत एका ओळीचाच अर्थ विचारतात, मग एवढा खटाटोप कशाला, हा पहिला. परीक्षेचे दडपण खरे आहे. पण पर्याय काढणारा नेहमी दोन जवळचे अर्थ शेजारी ठेवतो, आणि तिथे 'ऑन' व 'आउट फॉर' चा फरक जाणणाराच टिकतो. शिवाय नोकरी मिळाल्यावर त्याच विद्यार्थ्याला त्याच भाषेत नोटिशी आणि उत्तरे लिहायची असतात. दुसरा आक्षेप असा की वाक्प्रचार मुळात टाळावेत, सरळ इंग्रजी लिहावे. ऑर्वेल यांनी १९४६ च्या निबंधात छापील होऊन गेलेले अलंकार वापरू नका असेच बजावले होते, आणि लिहिण्यापुरते ते मी पूर्ण मानतो. शंका असेल तर 'प्लीज मॉनिटर', 'प्लीज डू नॉट डिस्क्लोज', 'वी शुड अव्हॉइड देम' इतके सरळ लिहावे. पण आपण वापरले नाही म्हणून समोरचा थांबत नाही. त्याच्या ईमेलमधले वाक्य धमकी आहे की काळजी, हे कळायलाच हवे. तिसरा आक्षेप आपल्या इंग्रजीबद्दलचा : ट्रकच्या मागे 'कीप डिस्टन्स' लिहिणारा देश आपली इंग्रजी आपण का घडवू नये? जरूर घडवावी. 'लुकआउट नोटीस' आपल्या वृत्तपत्रांनी आपलीशी केली आणि ती सर्वांना समजते. अडचण तेव्हाच येते जेव्हा करार, न्यायालय किंवा परदेशी सहकारी यांच्यासमोर दोन बाजू एकाच शब्दाचे दोन अर्थ घेऊन बसतात. तिथे आपला वापर आपल्यापुरता ठेवून चालत नाही.

मग वही कशी ठेवावी? दोन रकान्यांची यादी बंद करावी. प्रत्येक वाक्प्रचार बातमीत, मालिकेत किंवा पत्रात जसा भेटला तसा पूर्ण वाक्यासह उतरवावा, आणि खाली मराठीत लिहावे : हे कोण म्हणाले, कोणाला, आणि म्हणताना त्याला राग होता, काळजी होती की फुशारकी. मग शब्दकोश उघडावा. ए. एस. हॉर्नबी यांनी सुरू केलेल्या ऑक्सफर्डच्या ॲडव्हान्स्ड लर्नर्स शब्दकोशात आणि केंब्रिजच्या शब्दकोशात अर्थाआधी 'इन्फॉर्मल' किंवा 'डिसअप्रूव्हिंग' अशी लहान खूण असते. आपण ती ओलांडून थेट अर्थाकडे धावतो, पण वापरायचे की नाही हे त्या खुणेनेच ठरते. त्यानंतर मराठी वाक्प्रचार शोधावा, आणि तो कुठे जुळत नाही तेही लिहावे. 'कीप मम' समोर 'मूग गिळणे नव्हे, कारण त्यात ठपका आहे' ही नोंद दहा अर्थांपेक्षा उपयोगी पडेल. बोलण्यात वापर सुरू करायचा तो ज्यांत कोणी दुखावणार नाही अशांपासून : बॅगेवरची नजर, ओल्या पायरीवरचे पाऊल. 'वॉच इट' आणि 'आय ॲम कीपिंग ॲन आय ऑन यू' ओळखता यावेत, एवढे पुरे. म्हणायची गरज बहुतेकांना पडणार नाही.

शेवटी मराठी वृत्तपत्रांकडे एक मागणे. 'इन कॅमेरा' हा लॅटिनमधून कायद्याच्या इंग्रजीत आलेला शब्दप्रयोग आहे आणि त्याचा अर्थ बंद दाराआड, असा होतो. कॅमेरा म्हणजे तिथे खोली. बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यातील कलम ३७ नुसार खटला 'इन कॅमेरा' चालतो, तो पीडित मुलाला लोकांच्या नजरेपासून वाचवण्यासाठी. पण आपल्या बातम्यांत 'इन कॅमेरा शवविच्छेदन' असेही छापले जाते, आणि तिथे अभिप्रेत असते चित्रीकरण, म्हणजे पुढे तपासता यावे यासाठी ठेवलेला उघड पुरावा. कोठडीतील मृत्यूंबाबत असे चित्रीकरण करावे, असे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने १९९५ मध्येच राज्यांना सुचवले होते. एकाच पानावर एकच शब्द एका बातमीत नजर बंद करतो आणि दुसरीत नजर लावतो. अत्याचार झालेल्या मुलीच्या आईने 'सुनावणी इन कॅमेरा होणार' हे वाचले, तर आपल्या लेकीची साक्ष कॅमेऱ्यासमोर होणार या भीतीने ती तक्रारच मागे घ्यायचा विचार करू शकते. वार्ताहरांनी आणि उपसंपादकांनी सुनावणीसाठी 'बंद दाराआड' आणि शवविच्छेदनासाठी 'चित्रीकरणासह' एवढेच लिहावे. दोन्ही मराठी शब्द तयार आहेत आणि वाचणाऱ्या प्रत्येकाला कळतात.